लालसूदादाचा डोंगर

डोंगराचा पडीक उतार नुसता बघून लालसूदादा सांगायचा, इथलं शेवटचं पीक कधी निघालं ते. "ह्या बांबूले आठ साल झाले, बाबू." आमच्या मोजणीच्या कागदांत असलं काही भरायला रकानाच नव्हता.

सत्तरच्या सुमारास मी नागपूरच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. भामरागडकडच्या पेंदा शेतीची पाहणी निघाली, तेव्हा हा माडिया माणूस आमचा वाटाड्या झाला. त्याचे लोक उतारावरची झाडं तोडून जाळत, राखेत कुटकी पेरत आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा रानाला परत देऊन पुढे सरकत. तोडताना बुंधे मात्र राखत. "मुळं काढली तं माती नाल्यात जाते," तो म्हणायचा.

नुकसान तो लपवायचा नाही. "खालचं रान तुमी बंद केलं. आता त्याच उतारावर पाचव्या सालीच परत यावं लागते. माती थकते, मलेबी दिसते."

पाहणीवर आलेल्या आमच्या साहेबांनी एका ताज्या जळक्या उताराचे फोटो काढले आणि सगळाच डोंगर नकाशावर 'नासलेली जमीन' म्हणून लाल करायला सांगितला. लालसूदादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"हे तं उभं रान हाय. इथं लाल काहून मारून राहिला गा?"

"साहेबांचा हुकूम," म्हणालो आणि रेघा मारत राहिलो. त्या रेघांचं कचेरीत कौतुक झालं.

त्याच नकाशावरून पेंदा बंद झाला. तीनेक वर्षांनी एका सकाळी लालसूदादा नागपुरात, महाल भागातल्या माझ्या खोलीच्या दारात उभा. डोंगर सागाच्या लागवडीला गेला होता. ठेकेदाराने मोहाच्या झाडांसकट सगळं कापलं, बुंधेही उपटले. माती नाल्यात उतरली, मासे संपले.

"लाल तू काढलं ना? चाल, साहेबाले सांग. तूच पुसून टाक."

त्याला कचेरीत नेलं. साहेब आत होते. मी आत गेलो, भलत्याच फायलीवर सही घेतली आणि बाहेर येऊन म्हणालो, "साहेब दौऱ्यावर आहेत."

तो व्हरांड्यात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब त्याच्यासमोरूनच जीपकडे गेले, मागोमाग कागद घेऊन मी. त्याने ओळखून हात जोडले. साहेबांनी ओळखलं नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी हातातल्या कागदांकडे.

संध्याकाळी बसवर सोडायला गेलो. चहा त्याने घेतला नाही. गाडी सुटताना खिडकीतून शांतपणे म्हणाला,

"तुले लिवता येते, बाबू. बोलता येत नाही."