पंचफुलाबाईचं वावर आणि संतराम मास्तरांची पट्टी

संतराम मास्तरांना चित्र काढता येत नसे, हे खुद्द संतराम मास्तरच सांगत. गाय काढली तर पोरं 'कुत्रं झकास जमलं' म्हणत, आणि मास्तर कुत्र्याचे मार्क स्वतःला देऊन मोकळे होत. हिंगोलीच्या शिंप्याच्या घरचा जन्म. बापाच्या कातरीची सरळ चाल तेवढी हातात उतरली होती. चित्रकलेची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाले, तीही भूमितीच्या रेघांच्या जोरावर. पुढे कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या बाजाराला सकाळी गाडी जुंपली तर दुपारी पोचावं इतक्या लांबच्या एका गावी, मिडलच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून चिकटले. चिकटले म्हणजे हंगामी. निजामाच्या राज्यात मुस्तकिल, म्हणजे कायम, व्हायचं तर नाजिरसाहेबांची तपासणी चांगली जावी लागे. आणि नाजिरसाहेब आले की मास्तरांवर नेमकी गाय काढायची पाळी येई.

सन बेचाळीसला मात्र त्यांनी मनाशी ठरवलं, यंदा गाय नाही. यंदा यथार्थदर्शन. जवळचं मोठं, लांबचं लहान. रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जाता जाता क्षितिजावर एका ठिपक्यात मिळतात, ती ही विद्या. हिच्यात हाताचं फारसं काम नसतं, सगळं पट्टी करते, म्हणून मास्तरांचा हिच्यावर भारी जीव. त्यांच्यापाशी मुंबईहून मागवलेलं एक पुस्तक होतं. त्यात आगगाडीचे रूळ होते, तेच त्यांनी फळ्यावर काढले. वर्गात पोरं वीस, त्यांतल्या दोघांनी आगगाडी पाहिलेली. एकानं विचारलं, रूळ तिथं मिळतात तर मग गाडी पुढं कशी जाते. मास्तर म्हणाले, मिळत नाहीत, मिळाल्यासारखे दिसतात. पोरगं म्हणालं, मग न मिळाल्यासारखे काढा ना. ह्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं, म्हणून मास्तरांनी फळा पुसला आणि दुसऱ्या दिवशी वर्ग शिवारात नेला.

गावाबाहेर पांढरीचं, म्हणजे मोडलेल्या जुन्या गावठाणाचं, टेकाड होतं. त्याच्या पायथ्याशी वाट आणि वाटेला लागून एक लांबट पट्टीचं वावर. एका अंगाला ओढ्याचा बांध, दुसऱ्या अंगाला गावचे मातब्बर उत्तमराव यांच्या हळदीचा बांध. कापूस वेचून झालेला, वाळक्या झाडांच्या पळाट्याही उपटलेल्या, त्यामुळे काळी जमीन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी दिसत होती. मास्तरांना वाटलं, देवानं आपल्यासाठीच हे आखून ठेवलंय. वावर होतं पंचफुलाबाईचं. तिचा नवरा सटवाजी दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन पैनगंगेकडं निघून जाई तो पावसाच्या तोंडाला परते. आठ महिने शेत, घर आणि भांडण हे सगळं ती एकटी बघे. तिचा ज्ञानबा मास्तरांच्याच वर्गात होता.

मास्तरांनी पोरांना टेकाडावर बसवलं आणि सांगितलं, आधी आडवी रेघ मारा, हे क्षितिज. त्यावर मधोमध ठिपका द्या. आता दोन्ही बांध पट्टीनं त्या ठिपक्याला नेऊन भिडवा. एकोणीस पोरांनी सांगितलं तसं केलं. त्यांतल्या अर्ध्यांनी तर वावराकडं मान वर करून पाहिलंही नाही, आणि मास्तरांना तेच शिस्तीचं लक्षण वाटलं. ज्ञानबानं मात्र पट्टी बाजूला ठेवली आणि बघत बघत हातानं काढलं. त्याचे बांध क्षितिजापर्यंत गेलेच नाहीत, बरेच अलीकडे, खालीच एकमेकांकडं वळले. मास्तरांनी लाल पेन्सिलीनं त्यावर फुली मारली, खाली 'लक्ष नाही' असं लिहिलं आणि दहापैकी दोन मार्क दिले. ते दोन कागद स्वच्छ ठेवल्याबद्दलचे.

दोन दिवसांनी तोच कागद घेऊन पंचफुलाबाई चावडीवर गेली.

तिचं म्हणणं जुनंच होतं. हळदीकडच्या अंगानं लांबच्या टोकाला बांध कोरला गेला आहे, दरसाल नांगराचं एक एक तास तिच्या वावरात सरकतंय, आणि तिकडच्या टोकाला तिची जमीन कमी झाली आहे. आमच्याकडं बांध कोरणं हे काही दरोड्याइतकं मोठं पाप धरत नाहीत. गडी नांगर वळवताना जरा रेटतो, मालक बघून न बघितल्यासारखं करतो, आणि वाटेकडच्या टोकाला लोक बघतात म्हणून तिथं कुणी हात लावत नाही. दोन वर्षं ती हेच सांगत होती. पाटील म्हणत, सटवाजी आल्यावर बघू; सटवाजी येई तेव्हा पेरणीची घाई सुरू झालेली असे. आता तिच्या हातात कागद होता. शाळेतल्या पोरानं, मास्तरांच्या समोर बसून काढलेला. त्यात लांबचं टोक अरुंद असल्याचं कुणालाही दिसत होतं.

कागदाचं वजनच वेगळं. पाटलांनी तो उलटासुलटा करून पाहिला, पंचांनी पाहिला, आणि कुणीतरी मोजायचा दोर आणायला उठलं सुद्धा. दोन वर्षांत पहिल्यांदा लोक तिच्या वावरात जायला निघाले होते. उत्तमरावही चावडीवर होते. शाळा त्यांच्याच वाड्याच्या ओसरीवर भरे आणि नाजिरसाहेबांचं जेवण त्यांच्याच घरी होई. ते शांतपणे म्हणाले, आधी मास्तरांना तर विचारा.

मास्तर आले. आपल्या विद्येवर चावडीत चर्चा चालली आहे, एवढ्यानंच त्यांची छाती फुगली. बाई तिथं काहून उभी आहे, दोर कशाला आणला आहे, हे त्यांनी धड विचारलंही नाही. कागद पाहिला आणि हसले. शाळेतून बाकीचे एकोणीस कागद मागवले, ओळीनं मांडले आणि अर्धा तास बोलले. लांबचं लहान दिसणं हा डोळ्याचा धर्म आहे. बघा, सगळ्याच पोरांनी तिकडचं टोक अरुंद काढलंय. म्हणून काय वावर अरुंद झालं? उद्या वाटेच्या कडा मिळालेल्या दिसल्या तर वाट कुणी चोरली म्हणायचं? लोक हसले. पाटलांनी मान डोलावली. दोर आणणारा दोर टाकून खाली बसला. उत्तमराव म्हणाले, मास्तर, नाजिरसाहेबांपुढं असंच बोला. घरी जाताना मास्तरांना वाटलं, आपण जन्मल्यापासून आजच्याइतके हुशार कधी नव्हतो. पंचफुलाबाई कागदाची घडी करून कधी निघून गेली, हे त्यांनी पाहिलं नाही.

जुम्म्याला शाळेला सुट्टी. नाजिरसाहेब पुढच्या आठवड्यात यायचे होते, तेव्हा भिंतीवर लावायला त्याच वावराचं एक मोठं चित्र आपण स्वतः काढावं, असा मास्तरांचा बेत. टेकाडावर बसले, ठिपका दिला आणि दोन्ही बांध पट्टीनं त्याला भिडवले. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीनं लांबच्या टोकाची रुंदी मापली. चित्रातलं टोक रुंद, वावरातलं अरुंद. मास्तरांनी धरलं, हात हलला. पुन्हा मापलं, तेच. मग त्यांनी पेन्सिल बदलली. मग डोळा बदलला. मग टेकाडावरून दहा हात सरकून बसले, कारण वावराला कळत नसेल तर आपणच जरा सरकावं. प्रत्येक खेपेला रेघा क्षितिजाच्या खालीच मिळत होत्या, लाल फुली मारलेल्या त्या चित्रात मिळत होत्या तशाच. दोन्ही बांध सगळीकडं सारख्याच अंतरावर असते तर त्या क्षितिजावरच मिळायला हव्या होत्या.

पंचफुलाबाई खाली पळाट्यांच्या मोळ्या बांधत होती. ती एक डोळा मिटलेल्या मास्तरांकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, एक डोळा काहून झाकून राहिले? दोन्ही उघडे ठेवून बघा."

मास्तर खाली उतरले. वाटेकडच्या टोकाला एका बांधापासून दुसऱ्यापर्यंत चालले, साठ पावलं. मग वावर तुडवत लांबच्या टोकाला गेले; सत्तेचाळीस. वाटलं, पाऊल लांब पडलं असेल. चप्पल काढून पुन्हा चालले, सत्तेचाळीस. तिसऱ्यांदा लहान मुलासारखी मुद्दाम आखूड पावलं टाकली, तरी पन्नासाच्या पुढं गाडी जाईना. त्यांनी जिथं हळदीचा बांध होता तिथं वाकून पाहिलं. बांधाची माती ताजी होती आणि जुन्या बांधाचं गवत तेरा पावलं आत, हळदीच्या वाफ्यात, तसंच उगवलेलं दिसत होतं.

तेव्हा मास्तरांना लाज वाटली. थोडीथोडकी नाही, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. वीस पोरांना शिवारात आणून त्यांनी एकोणीस जणांना वावर न बघता काढायला शिकवलं होतं, आणि ज्यानं बघून काढलं त्याला नापास केलं होतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण मोजायला उठलेली माणसं त्यांनी स्वतःच्या तोंडानं खाली बसवली होती. त्या बाईची तेरा पावलं जमीन उत्तमरावांच्या गड्यांनी दहा वर्षांत थोडी थोडी खाल्ली आणि मास्तरांनी अर्ध्या तासात पचवली.

लगेच चावडीवर गेले असं मास्तर कधी सांगत नसत. आधी घरी गेले, चहा ठेवला, तो उतू जाऊ दिला. उत्तमरावांचा एक शब्द आणि नाजिरसाहेबांचा एक शेरा, एवढ्यावर आपली नोकरी, हा हिशेब त्यांनी तीनदा करून पाहिला. तोही दरवेळी तेवढाच येत होता. दुपारी निघाले ते अर्ध्या वाटेतून परत फिरले, पट्टी विसरली म्हणून. मग पट्टी हवीच कशाला असं वाटून ती दारातच ठेवली आणि एकदाचे चावडीवर पोचले.

पाटील आणि उत्तमराव पान खात बसले होते. मास्तरांनी उभ्यानंच सांगितलं की परवा माझं चुकलं, पोराचं चित्र बरोबर होतं, वावर तिकडच्या टोकाला तेरा पावलं कमी आहे, मी आज मोजून आलो.

उत्तमरावांनी पिंक टाकली आणि विचारलं, "मास्तर, परवा एक सांगता, आज एक. त्यातलं खरं कोणतं धरायचं आमी?"

"परवा मी पुस्तकातलं बोललो, मालक," मास्तर म्हणाले. "आज वावरात चालून आलो."

दोर पुन्हा आणला गेला. ह्या वेळी सगळे गेले, उत्तमरावसुद्धा. त्यांनी दोराचं एक टोक स्वतः धरलं. गवताची जुनी ओळ दिसली तेव्हा त्यांनी गड्याकडं बघितलं, गड्यानं जमिनीकडं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी बांध जुन्या जागी घालायचं ठरलं. भांडण झालं नाही. पण पुढच्या आठवड्यात नाजिरसाहेब जेवायला बसले असता त्यांनी ड्रॉइंग मास्तर कसे आहेत असं विचारलं, तेव्हा उत्तमरावांनी त्यांच्या ताटात तूप वाढलं आणि उत्तर दिलं नाही. तेवढं पुरलं. अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं तरी मास्तर हंगामीच होते. एवढी वर्षं टिकलेला हंगाम आपण दुसरा पाहिला नाही, असं ते म्हणत.

पण गोष्ट सांगताना ते इथं थांबत नसत. बांध सरकवला त्या दिवशीचं सांगत. गडी माती ओढत होते, ज्ञानबा दोराच्या टोकावर उभा होता. मास्तर पंचफुलाबाईजवळ गेले आणि म्हणाले की बाई, माझ्यामुळं तुम्हाला तकलीफ झाली, मी चावडीवर वाटेल ते बोलून गेलो.

ती मोळी बांधता बांधता म्हणाली, "तुमी खोटं बोलले असते मास्तर, तर मी तुमच्याशी भांडले असते. खोटं मला वळखू येतं. पर तुमी शिकल्यालं बोलले. घरी गेल्यावर मला वाटलं, मलाच नीट दिसत न्हाई. पोराला बी म्हनलं, तुहं चुकलं असंल. दोन दिस मी माह्याच डोळ्यावर वहीम घेतला."

एवढं सांगून तिनं मोळीची गाठ आवळली. आपल्या प्रत्येक फजितीवर आधी स्वतः हसणारे संतराम मास्तर ह्या जागी आले की मात्र हसत नसत.