गाडीतलं ते रॅप गाणं

आज सकाळी गाडी विकली आणि जाता जाता तिने माझी एक जुनी चूक दाखवली, म्हणून हे लिहिते आहे.

गाडी आमच्या ह्यांची. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. शहराबाहेर सिमरोलला नोकरी करणारे समीर आणि त्यांची बायको गाडी न्यायला आले होते. समीरनी चावी फिरवली आणि आत राहिलेल्या सीडीवर ह्यांचं आवडतं जुनं हिप-हॉप गाणं सुरू झालं.

"अरे काकू, हे तर आमच्या कॉलेजच्या टाइमचं गाणं! काका तो छुपे रुस्तम निकले!" समीर म्हणाले.

मी शिकवायचे त्या शाळेतून मला घरी आणताना हे रोज तेच लावायचे आणि वाटेतलं अन्नपूर्णा मंदिर यायच्या आत मी बंद करायचे. "दिवसभर पोरांचा आरडाओरडा ऐकते, आता ह्याचाही ऐकू?"

"शेवट तरी ऐक," हे म्हणायचे. मी कधीच ऐकला नाही.

आज बंद करायला हात गेला नाही. शेवटी तो गाणारा ओरडत नाहीच. मैत्रिणीला घरी सोडल्यावर तिच्या खोलीतला दिवा लागेपर्यंत आपण खाली थांबतो, एवढंच तो सांगतो. चाळिशीत मला हे पोरकट वाटलं असतं. आता मी घरी पोहोचले का, हे विचारणारं कोणी नाही.

तुम्हीही कोणाचं असं काही मध्येच बंद केलं आहे का?

समीरना दिलं ते असं: दोन चाव्या, आरसी, विम्याचे कागद, जॅक, स्टेपनी. सीडीही दिली. घरात ती लावायला काही नाही.