सरुबाईनं दिलेला हुकूम

नेसरीजवळच्या त्या वाडीत सरुबाईची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. मधल्या माणसाशी ती बोलायचीच नाही. दुधाला फॅट कमी लागली, की ती थेट दूध संस्थेच्या चेअरमनच्या दारात जाऊन बसायची. वायरमन दाद देईना, तेव्हा गडहिंग्लजला जाऊन साहेबाच्या टेबलासमोर उभी राहिली आणि वाडीत लाईट आणूनच परतली. नवऱ्यामागं दोन म्हशींच्या जिवावर तिनं संग्रामला वाढवलं आणि फौजेत धाडलं. बाई तापट खरी, पण मनात काही ठेवणारी नव्हती.

दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात संग्राम रजेवर आला होता. सून अक्षताला मुलगी झाली होती आणि रविवारी बारसं होतं. शुक्रवारी तो पाळणा आणायला गडहिंग्लजला गेला, तो फोन चार्जिंगला विसरून. टीव्हीवर सकाळपासून सीमेवरच्या गोळीबाराच्या बातम्या चालल्या होत्या, म्हणून सरुबाईनं टीव्ही बंदच करून टाकला होता. तेवढ्यात फोन वाजला. पलटणीतला हवालदार बोलत होता, कागलकडचा.

"आई, संग्रामला सांगा, रजा रद्द झालीया. उद्या सकाळी निघायला लागंल."

"कुणी रद्द केली?"

"वरनं आदेश आलाय."

"मग त्या वरच्याकडं फोन दे की. बोलतो मी."

"आमास्नी बी तो दिसत न्हाय, आई," हवालदार हळूच म्हणाला.

सरुबाईनं फोन पिठाच्या डब्यात घातला, झाकण घट्ट लावलं आणि तरातरा बाळासो सुभेदारांच्या घरी गेली. सुभेदार निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी वाडी त्यांना सुभेदारच म्हणायची.

"भावजी, लढाई करायची का न्हाय, हे ठरवतंय कोण? नाव सांगा. बारसं होऊस्तोवर पोराला ऱ्हाऊ द्या, एवढंच म्हणायचंय मला."

सुभेदारांनी चहाची कपबशी बाजूला ठेवली. "कागदावर तिन्ही दलं राष्ट्रपतींच्या हाताखाली, वैनी. पण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालत्यात. म्हंजे ठरवणार पंतप्रधान आणि त्यांचं मंत्री. संसद त्यास्नी जाब इचारू शकती, खर्चाला मंजुरी तीच देती. कुठली पलटण कुठं हलवायची, ते फौजेचं मोठं साहेब बघत्यात. मग कर्नल, मग सुभेदार, मग त्यो हवालदार."

"एवढ्यातला एक बी माणूस बारशापुरतं थांब म्हणणार न्हाय?"

"न्हाय. आणि आता त्यो निरोप तुमच्याजवळ हाय. तुमी दडवला, तर पोरगं गैरहजर लागंल. डाग त्याच्या नावाला लागंल."

सरुबाई खालमानेनं उठली. एवढ्या मोठ्या देशात जाऊन बसायला तिला एकही दार सापडलं नव्हतं. वाटेत तिचे डोळे भरून आले. संग्रामला तर ती ओळखून होती. फौजेचं बोलावणं कळलं, की तो जेवत्या ताटावरून उठायचा आणि मिळेल त्या गाडीनं निघायचा. लेकीचं नाव त्याला फोनवर कळलं असतं.

दारात आली तशी तिनं पदर खोचला. लढाईचा दिवस दिल्लीत ठरत असेल, बारशाचा दिवस ह्या घरात ती ठरवणार होती. तिथी, वार, आमंत्रणं सगळं गेलं चुलीत. तिनं आळीतल्या विठाबाईला घुगऱ्या शिजवायला बसवलं, शेजारच्या आक्काला फुलं आणायला पिटाळलं आणि बाकीच्या बायकांना अंगणात गोळा केलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. विचारायची छातीही कुणाची झाली नाही.

संग्राम पाळणा घेऊन उतरला, तर घर बायकांनी भरलेलं.

"बारसं रविवारी हाय न्हवं?"

"आज हाय. पाळणा बांध."

"आणि आत्या?" नाव ठेवायचा मान त्याच्या बहिणीचा, स्वप्नालीचा. ती उचगावला सासरी, रविवारी येणार होती.

"आत्याला मी समजावतो. नाव तूच सांग पोरीच्या कानात."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. बापानं नाव ठेवलेलं वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. अक्षतानं मात्र सासूचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता बाळाला पाळण्यात निजवलं. संग्राम ओणवा झाला. त्याच्या पाठीवर बायकांच्या थापा पडायला लागल्या, आत्याच्या पाठीवर पडतात तशाच, उलट जरा जास्तच. 'कुर्रर्र' करताना तो लाजून लाल झाला होता. क्रांती हे नाव सांगून झालं, तरी तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. बाळानं त्याच्या शर्टाची कॉलर धरली होती.

घुगऱ्या खाऊन बायका पांगल्या. सरुबाईनं डब्यातून फोन काढला, पदरानं पीठ पुसलं आणि त्याच्या हातात दिला. सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

"तुझी रजा रद्द झालीया, बाबा. उद्या सकाळी निघायचं हाय तुला."

संग्राम उभा राहिला, टाचा जुळवून, ताठ. "व्हय," एवढंच म्हणाला.

सरुबाईनं जन्मभर पोराला हुकूमच सोडले होते. दूध पी, शाळेला जा, म्हशी सोड. त्यातला एकही त्यानं भांडल्याशिवाय ऐकला नव्हता. आज तो भांडला असता तर तिला किती बरं वाटलं असतं.