लुटलेल्या कंपासपेट्या

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या घरात तेव्हा एक अख्खं कपाट संक्रांतीच्या वाणाचं होतं. प्लॅस्टिकच्या गाळण्या, साबणाच्या डब्या, कुणाच्याच कामाला न येणाऱ्या इवल्याशा वाट्या. दर जानेवारीत आम्ही मराठी बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जायचो, या वस्तू लुटायचो आणि पुढच्या वर्षी त्याच दुसरीच्या गळ्यात मारायचो. एक गाळणी तर वॉटफर्डची वारी करून माझ्याकडेच परत आली होती. दांड्यावर माझ्याच कुकरचा डाग होता, म्हणून ओळखली.

त्या वर्षी मी जाहीर केलं, बास झालं! यंदा प्रत्येकीनं वाण म्हणून एकेक कंपासपेटी आणायची आणि कुणी काहीही घरी न्यायचं नाही. सगळ्या पेट्या घानाला जातील.

घाना माझ्या आयुष्यात आलं ते मैत्रिणीमुळे. मी ज्या प्रायमरी स्कूलमध्ये टीचिंग असिस्टंट होते, तिथेच तीही होती. मूळची घानाची, आवाज खणखणीत, हसायला लागली की स्टाफरूमची दारं वाजायची. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तिची छोटीशी चॅरिटी चाले. तिच्या भागातल्या शाळांसाठी वह्या-पुस्तकं, युनिफॉर्म जमवायचे, पूर आला की चादरी आणि भांडी. सगळं मोठाल्या निळ्या पिंपांत भरून बोटीनं पाठवायचं. मी पिंपं भरायला जायचे. पुण्याहून परतताना एका बॅगेत आपण काय काय कोंबतो! ती विद्या अखेर सत्कारणी लागली.

आदल्या पावसाळ्यात तिकडच्या एका शाळेत पाणी शिरलं होतं आणि वरच्या वर्गातल्या मुलींचं सगळं सामान वाहून गेलं होतं. मैत्रीण म्हणाली, "सिस्टर, वह्या मी मिळवीन. पण गणिताच्या पेपरला प्रत्येकीकडे स्वतःची कंपासपेटी लागते, शेजारणीची मागितलेली चालत नाही. गणित गेलं की शाळा सुटते. आणि शाळा सुटली की लग्न."

"कंपासपेट्या माझ्याकडे लागल्या," मी छाती ठोकून सांगितलं. वर्गात मुली जितक्या, तितक्याच बायकांना पेटी आणायला सांगितली, प्रत्येकीला एक. रविवारी दुपारी हळदीकुंकू, संध्याकाळी मैत्रीण येऊन पेट्या नेणार आणि सोमवारी सकाळी व्हॅन पिंपं घेऊन जाणार. कसं आखीवरेखीव!

त्या वेळी माझ्या सासूबाई नातीजवळ राहायला पुण्याहून आल्या होत्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई एरवी तोंडाला तोड नाही अशा. टीव्हीवरच्या हवामानवाल्याशी भांडायच्या. माझ्या मैत्रिणीशी तर त्यांचं मेतकूट जमलं होतं. ती शेंगदाण्याचं सूप घेऊन यायची, या दाण्याची आमटी पुढे करायच्या, आणि एकीला दुसरीची भाषा येत नसताना दोघी तासभर गप्पा मारायच्या. पण घरात हळदीकुंकू असलं की या बाई सकाळपासून वरच्या खोलीत. कुणी बोलावलं तरी खाली यायच्या नाहीत.

"अहो आई, कोण काय म्हणणार आहे इथे?" मी त्या रविवारीही जिन्यातून ओरडले.

"कुणी म्हणायला कशाला हवं? मला कळतं ना. जा तू, तुझ्या बायका आल्या."

मला असा राग आला! त्यांचा आला, रीतीचा आला, आणि बेल वाजत होती म्हणून बेलचाही आला.

बायका आल्या, नटूनथटून, बाहेर गारठा असताना उघड्या सँडलमध्ये. प्रत्येकीनं कंपासपेटी आणली होती. दाराजवळच्या टोपलीत रास झाली. मी सगळ्यांना घानातल्या मुलींबद्दल सांगितलं, दोघी-तिघींनी डोळे पुसले. मग मी चहाला स्वयंपाकघरात गेले आणि दारापाशी माझ्या नागपूरच्या शेजारणीला उभं केलं. निघणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू लावायचं आणि तिळगूळ द्यायचा, एवढंच काम.

चहाची भांडी आवरून बाहेर आले, तर टोपली रिकामी.

"पेट्या कुठे ठेवल्यास?"

"ठेवल्या कुठे? वाटल्या! हळद, कुंकू, तिळगूळ, वाण," शेजारीण बोटं मोजत म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "अगं बाई!"

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. पण खरं सांगायचं तर ती एकटी कुठे होती? तासापूर्वी डोळे पुसणाऱ्या सगळ्या बायकांनी हात पुढे करून पेट्या घेतल्या होत्या, वर "किती उपयोगी वाण गं!" असंही म्हणाल्या होत्या. जन्मभराची सवय. हातावर तिळगूळ पडला की दुसरा हात आपोआप वाणासाठी पुढे होतो.

रविवारची दुकानं चारलाच बंद झाली होती. मी फोन घेऊन बसले. पेट्या परत आणून देणं एवढी साधी गोष्ट. पण छे!

"अगं, घेतलेलं वाण परत कसं द्यायचं? संक्रांतीचं आहे ते."

"मी देवापुढे ठेवलं गं."

"पुढच्या महिन्यात आमच्या नव्या घराचं कम्प्लीशन आहे, ताबा मिळायचाय, आत्ता नको असलं काही."

ही शेवटची बाई बेसिंगस्टोकला मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. लोकांच्या चुका शोधून पगार घ्यायची! "तुझ्या घराला काय होणार आहे एका कंपासपेटीनं?" मी किंचाळले. तर म्हणते, "काही होणार नाही हे मलाही माहितीये, पण झालं तर?"

मी फोन आपटला आणि जिन्यात बसून चक्क रडले. पिंप एकदा गेलं की पुढचं परीक्षेनंतर. पेपराच्या दिवशी कंपासपेटी नाही म्हणून परत पाठवलेली एखादी पोर मला डोळ्यांपुढे दिसत होती. आणि मैत्रीण तासाभरात दारात उभी राहणार होती. तिला काय सांगू? आमच्या बायकांनी लुटल्या म्हणून?

सासूबाई वरच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"फोन लाव पुन्हा," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, परत द्यायचं नाही. मला आणून द्यायचं."

"त्यानं काय होणार?"

"अगं, मला कुठे वाण चालतं? माझ्या हातात आलं की ते वाण राहतच नाही, नुसती कंपासपेटी होते. मग ती मी घानाला देईन नाहीतर विहिरीत टाकीन. त्यांचा नियम मोडत नाही, तुझं काम होतं. आयुष्यभर नियमाबाहेर बसलेय, एकदा तरी त्याचा फायदा होऊ दे की!"

हे बोलताना त्या हसत होत्या. मला हसू येईना.

पण युक्ती लागू पडली. "आईंना द्यायचंय" म्हटल्यावर बायकांचा जीव भांड्यात पडला. तासाभरात आमच्या दारासमोर गाड्यांची रांग. शेजारीण तर पहिली आली, मान खाली घालून. बेसिंगस्टोकवालीचा नवरा मोटरवेवरून गाडी वळवून आला, कुरकुरत. सासूबाई सोफ्यावर कार्डिगनवर पदर नीट घेऊन बसल्या होत्या. एकेक बाई यायची, पेटी त्यांच्या हातात ठेवायची, वाकून नमस्कार करायची. सासूबाई प्रत्येकीला टोमणा मारायच्या, "काय गं, भूमिती कच्ची होती वाटतं? पेटी बरोबर घेऊन गेलीस!" घरात खसखस पिकली होती.

माझी मैत्रीणही तेवढ्यात आली. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रागावेल, पण ती दारं वाजतील अशी हसली आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

शेवटी आली ती वॉटफर्डची एक नवी सून. जन्म इथलाच, मराठी घरापुरतं. तिनं पाहिलं, आजी बसल्यात, टेबलावर हळदीकुंकवाचं तबक आहे. दुपारी शिकवलं होतं तसं ती शहाण्या मुलीसारखी पुढे झाली. "आजी, हा तुमच्यासाठी आहे," असं म्हणत तिनं सासूबाईंच्या कपाळाला आधी हळद लावली, मग कुंकू, आणि पेटी त्यांच्या ओंजळीत ठेवली.

शेजारणीनं पदर तोंडाला लावला. त्या पोरीला बिचारीला काही कळेना, ती सगळ्यांकडे बघत राहिली.

सासूबाईंनी डोळे मिटले होते. ते उघडून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "औक्षवंत हो," म्हणाल्या.

मग उरलेल्या पेट्या त्यांनी स्वतः एकेक करून मैत्रिणीच्या पिशवीत टाकल्या. सगळ्या टाकून झाल्या तरी एक मांडीवर राहिलीच. मी हात पुढे केला, तर त्यांनी ती मागे घेतली.

"अहो आई, नेमक्या तेवढ्याच आहेत. एका मुलीला कमी पडेल."

"कमी का पडेल? तुझ्या लेकीच्या दप्तरातली दे. तिला उद्या दुकानातून नवी आण."

"मग हीच दिली तर काय बिघडलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही रीत कळत नाही.

"ही कशी देऊ?" त्या म्हणाल्या. "हे माझं वाण आहे."