शिट्टीवाल्या गुरुजींनी नापास केलेली खिचडी

अख्ख्या वऱ्हाडात मिशीवाल्या, लेकराबाळांच्या बापाला अर्धी चड्डी घालायला लावायची ताकद एकाच माणसात होती, आणि माझं दुर्दैव असं की तो माणूस माझ्याच वाट्याला आला. शिरपूरच्या शाळेतले हे गुरुजी. त्यांचं नाव शाळेच्या मस्टरवर असेल, पण साऱ्या तालुक्यात त्यांना शिट्टीवाले गुरुजी म्हणत आणि मीही तेवढंच म्हणणार आहे. स्काउटचं पथक चालवायला जी मोठी माणसं पुढे येतात, ज्यांना पगार नाही, भत्ता नाही, नुसती हौस, त्यांना शिकवून तयार करायचं काम गुरुजींकडं होतं. पोरांना शिकवणं सोपं, असं ते म्हणत. "पोरगं कोरं असते. मोठ्या माणसाले आधी इसरवा लागते, मंग शिकवा लागते." विसरवायचं काम ते इतकं मन लावून करत की शिकवायला वेळच उरत नसे.

कुणाच्या गळ्यात माळ असते, कुणाच्या ताईत. गुरुजींच्या गळ्यात शिट्टी. एक लांब वाजली की जागच्या जागी थांबायचं, दोन आखूड वाजल्या की पळत यायचं. घरीही हाच कायदा. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, चुलीपुढं बसलेल्या असत आणि ओट्यावरून दोन आखूड शिट्ट्या येत. त्याचा अर्थ चहा. शिरपूरच्या बाजारात एकदा एक बैल दावं तोडून सुटला आणि गुरुजींनी सवयीनं एक लांब शिट्टी मारली. बैल काही थांबला नाही. पण गुरुजींच्या शिबिरातून गेलेली सात-आठ कर्ती माणसं हातात कांद्याच्या पिशव्या घेऊन होती तिथंच खांबासारखी उभी राहिली, आणि बैल त्यांच्यामधून वाट काढत निघून गेला. दुसरी शिट्टी होईपर्यंत एकानं पाय हलवला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा हसलो होतो. पुढं त्या खांबांत मीही एक होणार आहे हे माहीत नव्हतं.

खिशात दोरी कायम. लग्नाला गेले की नवरदेवाकडं पाहायच्या आधी मांडवाच्या गाठी पाहत. एका लग्नात गाठ चुकीची दिसली म्हणून त्यांनी ती नीट बांधण्यासाठी सोडली, आणि मांडवाचा तो कोपरा वरपक्षाच्या पंगतीवर येऊन बसला. गुरुजी कापडाखालून म्हणाले, "पाहा, मी म्हनत नव्हतो?" आणि तो डावा हात. स्काउट लोक एकमेकांना डावा हात देतात, त्यांचा रिवाज आहे. पण जगात सगळेच स्काउट नसतात हे गुरुजींना कधी पटलंच नाही. त्यांची मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढं त्यांनी उंबऱ्यातच डावा हात केला. पाहुणे चहा न घेता परत गेले. काकूंनी आठ दिवस अबोला धरला. गुरुजींचं उत्तर तयार होतं. "ज्याले डावा हात समजत नाई, त्याच्या घरी पोरगी द्याची काहून?" मुलीचं पुढं चांगलं झालं म्हणून हे लिहायची हिंमत करतो आहे.

मी मेडशीच्या बौद्धवाड्यातला. आमच्या युवक मंडळाची पत्रकं मीच लिहितो. आमच्या गावच्या शाळेत स्काउटचं पथक होतं, पण त्यात आमच्या वाड्यातलं एकही पोरगं नव्हतं. विचारलं की उत्तर मिळे, जागा भरल्या. म्हणून आम्ही ठरवलं, आपलंच पथक काढायचं. बावीस पोरं तयार झाली. मायांनी मजुरीतून खाकी कापड आणून ठेवलं. अडलं एका गोष्टीवर: पथकाची नोंद व्हायला प्रशिक्षण घेतलेला एक मोठा माणूस लागतो. तो मी व्हायचं होतं. बावीस पोरांचा गणवेश माझ्या एका प्रमाणपत्रावर टांगलेला होता.

शिबिर शिरपूरच्या बाहेर, नाल्याकाठी, दहा दिवसांचं. नियम असा की मोठ्या माणसांनी पोरं होऊन राहायचं: आठ-आठ जणांची टोळी, आपणच झाडायचं, आपणच शिजवायचं, शिजेल ते साऱ्या टोळीनं खायचं. आमच्या टोळीत सहा मास्तर, मी, आणि चाळीस एकरांचे धनी, शाळा समितीचे उपाध्यक्ष दादासाहेब. अर्ध्या चड्डीतले दादासाहेब हे दृश्य पाहायला गावातून माणसं येत. पहिले दोन दिवस स्वयंपाक मास्तरांनी केला, सगळे बोटं चाटून जेवले. तिसऱ्या दिवशी पाळी माझी. चूल पेटवतो न पेटवतो, तर टोळीतल्या पाच जणांना उपास निघाले. उरले दोन मास्तर, ते मान खाली घालून सरपण मोडत बसले.

गुरुजी फेरीवर आले. "दादासाहेब, आज कायचा उपास?"

"सोमवार."

"तुमचा, मास्तर?"

"माझाही सोमवारच."

"मागच्या सोमवारी तं तुमी माह्या घरी जेवले."

"तवापासूनच धरला गुरुजी."

मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. कायदा आहे, शपथ आहे, स्काउट हा दुसऱ्या स्काउटचा भाऊ असं रोज सकाळी झेंड्याखाली आम्ही ओरडत होतो. गुरुजींनी वहीत काहीतरी टिपलं आणि पुढच्या टोळीच्या गाठी तपासायला निघून गेले. माझं डोकं फिरलं. देगची चुलीवर ठेवली आणि बाभळीखाली बसून शिबिराच्या टिपणांच्या कोऱ्या बाजूवर पत्रक लिहायला घेतलं. मथळा, 'उपासाचं सोंग'. काय लिहीत होतो! वाक्यामागून वाक्य नुसतं पेटत होतं. खिचडीही पेटत होती, हे मला वासानं कळलं.

दोन आखूड शिट्ट्या. सगळं शिबिर पळत आलं. गुरुजींनी आमच्या टोळीला ओळीत बसवलं, स्वतः मधोमध मांडी घातली, करपलेली खिचडी पानावर घेतली आणि शांतपणे खाल्ली. मग पुन्हा मागितली. "ज्यांचा उपास हाये," ते घास गिळत म्हणाले, "त्याईनं देगची घासाची. राखेनं. उपाशी मानसाले काम पाह्यजे, नाईतर भूक लागते."

माझ्या हातची करपलेली देगची घासणं म्हणजे माझ्या हातचं खाण्याहूनही खाली उतरणं. मग एका मास्तरला आठवलं की त्याचा सोमवार दुपारीच सुटतो. दुसऱ्याचाही सुटला. पाचातले चौघे पानावर बसले आणि तोंड वाकडं करत काळी खिचडी गिळू लागले. दादासाहेब उठले. वळकटी बांधली, अर्ध्या चड्डीवरच एसटी स्टँडकडं निघाले. गुरुजींनी त्यांना हाक मारली नाही. देगची गुरुजींनी स्वतः घासली.

दहाव्या दिवशी निकाल. दादासाहेब नापास. आणि मी नापास.

मी भर शिबिरात विचारलं, "त्यानं माझ्या हातचं खाल्लं नाही. त्याला आणि मला एकाच मापानं मोजता?"

"नेते," गुरुजी म्हणाले, "त्यानं खाल्लं नाई, तू शिजवलं नाई. पोरं दोघाईच्याही हाती उपाशीच."

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला दादासाहेबांपेक्षा या माणसाचा राग जास्त आला. वाड्यात काय तोंड दाखवू? खाकी कापड पेटीत पडून राहिलं, बावीस पोरं वर्षभर आमच्याच गल्लीत काठ्या घेऊन कवायत करत राहिली. मी गुरुजींवर पत्रक काढलं. 'शिट्टीचा न्याय'. शिरपूरच्या बाजारात स्वतः वाटलं. आठ दिवसांनी पोस्टानं एक प्रत परत आली. दुसऱ्या पानावर एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ, आणि बाजूला, "भात नाही, खिचडी होती. बाकी ठीक."

दरम्यान दादासाहेबांनी आपलं काम केलं. गुरुजींची बदली कामरगावला झाली, शिबिर दुसऱ्याकडं गेलं. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. नवे साहेब भले गृहस्थ. स्वयंपाकाला आचारी लावलेला, दादासाहेबांना वेगळी खोली, आणि शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र. दादासाहेबांना पहिलं, हार घालून. मला पाचवं. कागद हातात घेतला, सही पाहिली, शिक्का पाहिला. पथक दुसऱ्या दिवशी सुरू करता आलं असतं. मी दोन एसट्या बदलून कामरगावला गेलो. सोबत तांदूळ आणि तुरीची डाळ.

गुरुजी भाड्याच्या घराच्या ओट्यावर बसले होते. तिथल्या शाळेत पथक नव्हतं. शिट्टी आत खुंटीला टांगलेली. काकू म्हणाल्या, "बरं झालं आला बाबू. लय दिवस झाले, घरात काई वाजलंच नाई."

"कायले आला?" गुरुजींनी विचारलं.

"परीक्षेला."

त्यांनी अंगणातल्या तीन दगडांकडं बोट दाखवलं. मी चूल मांडली, खिचडी चढवली, आणि उतरेपर्यंत तिथून हललो नाही. पत्रकाचा एक शब्द सुचला नाही. गुरुजी ओट्यावरून पाहत होते. मग जेवले. आणखी घेतली.

"पोरं किती म्हनले होते?"

"बावीस."

"मीठ कमी हाये," ते म्हणाले. "पन पोरं खातीन."

उजवा हात खरकटा होता. डावा त्यांनी पुढं केला. मी धरला, आणि ते जरा वेळ तो सोडायचंच विसरले.