तिला लागू नये म्हणून

अनघाने मेसेज केला असता तरी चाललं असतं. तिच्या वयाची मुलं अशी बातमीसुद्धा मेसेजवरच कळवतात, आणि तिला बोलणं किती जड जातं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिने फोन केला. पलीकडे काहीच ऐकू येईना. आमच्या घरात फोनवर शांतता असली तर ‘हॅलो, हॅलो’ करून तो ठेवत नाहीत. थांबतात. मी थांबले. लिफ्टचं दार वाजलं, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली... मग नुसतं, “आ... आ...” तिला ‘आत्या’ म्हणायचं होतं की ‘आई’, ते कळलं नाही, आणि कळायची गरजही उरली नाही.

पद्मा, अनघाची आई, माझी वहिनी. यवतमाळकडून कॉम्प्युटरचा कोर्स करायला पुण्याला आली, आणि सॉफ्टवेअर कंपन्या गल्लोगल्ली निघत होत्या त्या दिवसांत माझ्या भावाच्या, श्रीकांतच्या ऑफिसात लागली. तो तिला पहिल्यांदा आमच्या शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत घेऊन आला तेव्हा आईने नाव विचारलं. “प... प...” ओठ मिटले ते उघडेचनात. मान एका बाजूला ओढली गेली, डोळे घट्ट मिटले. आई म्हणाली, “सावकाश सांगा. आम्ही इथेच राहतो.” शेवटी श्रीकांतनेच तिचं नाव सांगून टाकलं. ती हसली, पण तेव्हापासून आईसमोर ती जमेल तेवढं कमीच बोलली.

जे म्हणता येईल तेच ती मागायची, हे मला फार उशिरा समजलं. तिला कॉफी आवडायची, पण ‘क’ अडायचा म्हणून हॉटेलात जन्मभर चहा प्यायली. दुकानदार तिचं वाक्य स्वतःच पुरं करत आणि तिला नको ती वस्तू हातात देत. ती मुकाट घेऊन येई. फ्लॅट बघायची वेळ आली तेव्हा मांजरी भागात मोठा मिळत होता, पण तिने कात्रजचाच हट्ट धरला. का, तर कात्रजला बस संपते, कंडक्टरला ‘शेवटचा स्टॉप’ म्हटलं की काम भागतं... हे तिने मला हसत हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नाही.

ऑफिसात परदेशी ग्राहकांशी फोनवर मीटिंगा सुरू झाल्या तशी ती मागे पडत गेली. तिचं काम दुसरंच कुणी समजावून सांगायचं. ती शेजारी बसून कागदावर उत्तरं लिहून द्यायची. एकदा तिने स्वतः बोलायचं ठरवलं. ती एका शब्दावर अडली, तेवढ्यात पलीकडच्याने “लाइन गेली वाटतं” म्हणून फोन ठेवला. खोलीतली माणसं हसली. त्यातल्या काही तिच्या मैत्रिणी होत्या. घरी येऊन तिने स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

मुलगी झाली तेव्हा बारशाला मी विचारलं, “वहिनी, तुला म्हणता येईल असं नाव सांग.” तिने ‘अनघा’ सांगितलं. ‘अ’ तिच्या तोंडून वाऱ्यासारखा निघायचा. वर्ष-दोन वर्षं ती त्या पोरीशी इतकी बोलली, इतकी बोलली... तान्ह्या मुलाशी बोलताना ती अडखळत नसे. मग अनघा बोलायला लागली आणि एक दिवस “म... म... मला” म्हणाली. आई म्हणाली, “तुझंच ऐकून उचलतेय पोर. थोडे दिवस तिच्यासमोर बोलू नकोस.” स्पीच थेरपिस्ट बाईंनी स्पष्ट सांगितलं की हे ऐकून लागत नाही. कधी कधी रक्तात असतं, पण ऐकून नाही, उलट भरपूर बोला तिच्याशी. पद्माने त्यातलं ‘रक्तात’ एवढंच ऐकलं. श्रीकांत आई आणि पद्माच्या मध्ये नुसता बसून राहिला.

आणि पद्मा गप्प झाली. पोरीला खुणेने जेवायला बोलवायची, केस विंचरून द्यायची, ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसायची, पण शब्द नाही. अनघाची पाठ वळली की माझ्याशी बोलायची. ती आली की तोंड मिटायचं. थोडे दिवस म्हणता म्हणता त्यांची वर्षं झाली. अनघाचं अडखळणं जसंच्या तसं राहिलं. शाळेत हजेरीच्या वेळी ती आपल्याच नावावर अडायची, त्या वाऱ्यासारख्या ‘अ’वर.

ती सातवी-आठवीत असेल. मी तिथेच होते. भाजी निवडता निवडता ती पद्माला म्हणाली, “तू आ... आत्याशी बोलतेस. मा... माझ्यावर का रा... रागावलीस?” पद्माच्या हातातली जुडी खाली पडली. तिची मान ओढली गेली, ओठ थरथरले, किती वेळ गेला कोण जाणे. इतकी वर्षं पुण्यात काढून पुसली गेलेली तिची बोली तेव्हा वर आली. “तु... तुले ला... लागू नये म्हणून.”

अनघा म्हणाली, “लागलंच की.”

त्यानंतर त्या दोघी बोलायला लागल्या. एकीचं वाक्य संपेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, पण दोघींना घाई नव्हती. मला वाटलं, आता गेलेलं भरून निघेल. अनघा इंजिनिअरिंगला गेली आणि पद्माला कॅन्सर निघाला, तोही पसरलेला.

शेवटच्या आठवड्यातली ती दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. मी वॉर्डात पोचले तेव्हा पद्माने कॉटचा दांडा घट्ट धरला होता, तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. अनघा शेजारी उभी, तिचेही ओठ अडलेले. नर्स येऊन गेली होती. “काय होतंय मावशी, पटकन सांगा,” असं दोनदा विचारून, “ठरवा दोघी, मी येतेच,” म्हणून ती दुसऱ्या पेशंटकडे गेली होती. मी बाहेर धावले आणि म्हटलं, “फार दुखतंय तिला, इंजेक्शन द्या.” ते म्हणायला मला क्षणही लागला नाही. परत आले तेव्हा अनघा माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तरी मला बरं वाटलं असतं.

चौदाव्या दिवशी जेवणं झाल्यावर आई म्हणाली, “आईचं सगळं घेतलंन पोरीने, बोलणंसुद्धा.” श्रीकांत पानावरून न उठता म्हणाला, “आई, आता पुरे.” तो एवढंच बोलला. त्याचा आवाज शांत होता. पण ते जिने ऐकायला हवं होतं ती नव्हती.

त्यांच्या डायनिंग टेबलावर पद्माच्या जागेपुढे सनमायका झिजून पांढरा पडला आहे. शब्द अडला की ती तिथे अंगठा घासायची. अनघा आता त्याच खुर्चीत बसते. परवा मी गेले तेव्हा तिचा अंगठा त्या पांढऱ्या जागेवर होता, ओठ हलत होते. मी थांबले. ती आईबद्दल काहीतरी सांगत होती, एवढं कळत होतं. शब्द आला नाही. मग ती उठली आणि कप विसळायला लागली.

मी ऑफिस सुटलं की कात्रजला जाते, तिच्यासमोर बसते. ते वाक्य अजून आलेलं नाही...