सीटमागची कमान

वेल्डिंगचा जळका वास आला की देऊळघाटचं आमचं तापलेलं अंगण आठवतं. शर्यतीसाठी मी जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये, सीटमागे लोखंडी कमान बसवत होते. गाडी उलटलीच तर छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून. आईला शर्यत मान्य नव्हती. तिने येऊन हातोडी मारली आणि जोड उकलला. "हे वाचवीन तुले?" मी सगळे जोड घासून काढले, पुन्हा केले. तिने पुन्हा हातोडी मारली, पुन्हा एक जोड सुटला. तिसऱ्या दिवशी मात्र लोखंड नुसतं घणघणलं. "आता जाय," ती म्हणाली. शर्यतीत गाडी खरंच उलटली. मी रांगत बाहेर आले. धावत आलेल्या आईने आधी मला चाचपलं, मग कमानीच्या एकेका जोडावरून हात फिरवला. आता मी इतरांच्या गाड्यांना कमानी बसवते. घाई करणाऱ्याला परत पाठवते.